थायलंडात कंपनी काढून जमीन घ्यायची, ही हुशारी की पायावर धोंडा?

खारा_वारा (धागाकर्ता):
मावसभाऊ सिंगापूरला आयटीत आहे. मागच्या महिन्यात थायलंडच्या को सामुई बेटावर फिरायला गेला आणि व्हिला बघून आला, समुद्राच्या वर टेकडीवर, पुढे स्विमिंग पूल वगैरे. किंमत नव्वद लाख बाट. एजंट म्हणाला परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही पण काळजी नको, आपण कंपनी काढू, ४९ टक्के शेअर तुझे, ५१ टक्के दोन थाई लोकांचे, डायरेक्टर तू एकटा, आणि त्या दोघांकडून शेअर ट्रान्सफरच्या फॉर्मवर तारीख न टाकता आधीच सह्या घेऊन ठेवू. "सगळे असंच करतात सर."

मी दोन रात्री वाचत बसलो. तिथला जमिनीचा कायदा १९५४ चा. त्यात परदेशी माणसाला जमीन मिळायची ती दोन देशांतल्या कराराच्या आधारावर, आणि असा करार आज कुठल्याच देशाशी नाही. कंपनीत परदेशी भाग ४९ टक्क्यांच्या वर गेला किंवा भागधारकांत परदेशी डोकी जास्त झाली तर ती कंपनीच परदेशी धरतात. म्हणजे एजंटचा हिशेब कागदावर बरोबर बसतो. पण १९९९ चा परदेशी व्यवसाय कायदा म्हणतो की स्वतःचा पैसा नसताना परदेशी माणसासाठी नुसतं नाव लावणारा थाई माणूस (यालाच तिथे नॉमिनी म्हणतात) गुन्हेगार आणि त्याला उभा करणाराही गुन्हेगार, तीन वर्षांपर्यंत कैद, एक ते दहा लाख बाट दंड. शिवाय जमिनीच्या कायद्याखाली जमीन विकायची मुदत मिळते, किमान १८० दिवस, जास्तीत जास्त एक वर्ष. नाही विकली तर सरकारचं जमीन खातं ती विकून टाकतं.

माझं मत स्पष्ट आहे, हा नव्वद लाखांचा जुगार आहे. भाऊ म्हणतो तू घाबरट. तुम्ही सांगा.

सुखुमवितकर:
मी चौदा वर्षं बँकॉकमध्ये आहे. सरसकट घाबरवू नका हो. थाई पार्टनर खरा असेल, त्याने पैसा घातला असेल आणि कंपनी खरंच काही धंदा करत असेल तर त्यात बेकायदा काय? आणि ही आरडाओरड नवीन नाही. २००६ मध्ये शिन कॉर्प या थाई टेलिकॉम कंपनीचे शेअर सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने घेतले तेव्हाही नॉमिनी नॉमिनी म्हणून गदारोळ झाला होता, फुकेतमधल्या लोकांना वाटलं आता संपलं. ते व्हिले आजही तिथेच आहेत, पाण्याचं बिल भरतायत. फुकेत आणि सामुई परदेशी पैशावर उभं राहिलं हे सरकारलाही माहिती आहे.

कोर्टाची_पायरी:
सुखुमवितकर, "पार्टनर खरा असेल तर" हे तुम्ही लिहिलंत तिथेच मुद्दा संपला. धागाकर्त्याच्या भावाचा पार्टनर खरा नाही, एजंटने पुरवलेला आहे. तुम्ही म्हणता त्याच २००६ पासून जमीन कार्यालयांना सूचना आहेत, कंपनीत परदेशी भागधारक किंवा डायरेक्टर असेल तर थाई भागधारकाचा पैसा कुठून आला ते विचारा. महिना पंधरा-वीस हजार बाट पगारावर काम करणारी मुलगी वीस-पंचवीस लाखांचे शेअर कुठून घेणार? पगाराची स्लिप बघितली की झालं.

आणि त्या कोऱ्या तारखेच्या सह्या. भावाला ती आपली ढाल वाटतेय. उद्या चौकशी झाली तर पहिला पुरावा तोच कागद! पार्टनर स्वतःच्या पैशाने आला असता तर त्याने बाहेर पडायच्या कागदावर आधीच सही कशाला केली असती? थायलंडच्या दिवाणी संहितेत कलम ४११ आहे, कायद्याने मना केलेल्या कामासाठी दिलेला पैसा परत मागता येत नाही. म्हणजे नॉमिनी उलटला तर कोर्टात जाऊन सांगणार काय, साहेब मी कायदा चुकवायला याला उभा केला होता?

सातबारा_कोरा:
थायलंड जाऊ दे, हे आपल्याकडे घरोघरी झालंय. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, कुळकायदा कलम ६३. आमच्या एका नातेवाईकांनी कोकणात वीस गुंठे घेतले, सातबारा गावच्या मित्राच्या नावावर. मित्र सोन्यासारखा माणूस, दरवर्षी पेटी भरून हापूस पाठवायचा, वर चिठ्ठी, "तुमच्या बागेतले". तो गेला. बाराव्याला आमचे नातेवाईक गेले तर मोठा मुलगा चहा देता देता म्हणाला, काका, तुमचं काही कागदावर आहे का? नव्हतंच, आणि असतं तरी दाखवणार कुणाला, बेनामी कायदा आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर एक ते सात वर्षं कैद. आंबे बंद झाले.

सरकार धाड घालेल न घालेल. नॉमिनी मरतो, त्याचा घटस्फोट होतो, त्याला कर्ज होतं. हे सगळं धाड न पडताही होतं.

सुखुमवितकर:
सातबारा, उदाहरण हृदयद्रावक पण लागू नाही. तिथे जमीन कंपनीची असते, माणसाची नाही. भागधारक मेला तरी डायरेक्टर तुम्ही, कब्जा तुमचा, फॉर्मवर तारीख टाका, विषय संपला.

कोर्टाची_पायरी:
मेलेल्या माणसाच्या सहीवर तारीख टाकायची?? मृत्यूच्या आधीची टाकलीत तर बनावट दस्तऐवज, नंतरची टाकलीत तर भुताने शेअर विकले. साक्षीदाराचीही सही लागते, तो कोण, एजंटचा शिपाई का? बालीत तर याहून कडक आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या कायद्यात आडमार्गाने परदेशी माणसाला मालकी दिली की व्यवहार रद्द आणि जमीन सरकारजमा.

मोरजीकरीण:
हा सगळा तमाशा आम्ही दाराबाहेर बघितलाय. गोव्यात आमच्या मोरजीला लोक मिनी रशिया म्हणायचे. टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस इथे जमीन घेऊ शकत नाही, म्हणून कंपन्या निघाल्या, कुणी स्थानिक पुढे केला. मग फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, ईडीच्या नोटिसा. त्या कायद्यात दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. आणि दर एवढे चढले की गावातल्या पोरांना स्वतःच्या वाड्यावर खोली बांधायची ऐपत राहिली नाही. तेव्हा आपण सगळे ओरडत होतो, गोंय विकायला काढलंय म्हणून. आता आपलाच मराठी माणूस सामुईत तेच करणार, आणि त्याला थाई कायदा जाचक वाटणार! सामुईच्या कोळ्याला काय वाटत असेल ते मला विचारा.

हिशेबनीस:
कुणी भारताची बाजू लिहिली नाही म्हणून. भाऊ खराखुरा एनआरआय असेल आणि पैसा सिंगापूरच्या पगाराचा असेल तर इकडची कटकट फारशी नाही. पण पुण्यातून बाबांनी पैसे पाठवले तर ते एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) येतात, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. तिथे घर घेणं वेगळं आणि परदेशी कंपनीचे शेअर घेणं वेगळं, शेअरसाठी २०२२ च्या नियमांत वेगळ्या अटी आहेत, बँकेच्या फॉर्मवर "प्रॉपर्टी" लिहून शेअर घेतले तर तीही गडबड. शिवाय भाऊ उद्या कायमचा परत आला की रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. त्यात काय लिहिणार, ४९ टक्के की शंभर? न लिहिणाऱ्यासाठी २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा आहे, दहा लाख रुपयांचा दंड.

खारा_वारा (धागाकर्ता):
मी त्याला दोन पर्याय सांगितले. एक काँडो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, तो परदेशी माणसाच्या स्वतःच्या नावावर होतो, इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्रफळापर्यंत, पैसा बाहेरून परकीय चलनात आणल्याचा बँकेचा कागद पाहिजे. दुसरा ३० वर्षांची नोंदणीकृत लीज.

सुखुमवितकर:
लीजला विकत घेणं म्हणू नका. ३० नंतरचं नूतनीकरण म्हणजे मालकाचा शब्द, मालक बदलला की शब्द गेला. पंचवीस वर्षांनी उरलेली पाच वर्षं कोण विकत घेणार? याच कारणासाठी लोक कंपनीकडे वळतात, मूर्ख आहेत म्हणून नाही.

कोर्टाची_पायरी:
हे मात्र मान्य. लीजची किंमत लीजएवढीच द्यावी, मालकीएवढी नाही. एजंट दोन्हीला एकच भाव लावतात.

खारा_वारा (धागाकर्ता):
अपडेट. भावाने एजंटला सरळ विचारलं, ते दोन भागधारक कोण? एक त्यांच्याच ऑफिसातली अकाउंटंट, दुसरा तिचा नवरा. अजून डझनभर कंपन्यांत तेच दोघं आहेत, आणि हे एजंटने अनुभव म्हणून सांगितलं! भाऊ आता गप्प आहे. पण एक गोष्ट त्याने मला आज सांगितली, टोकन म्हणून दोन लाख बाट देऊन आलाय. परत मिळतील का?

कोर्टाची_पायरी:
पावती कुणाच्या नावाची आहे?

खारा_वारा (धागाकर्ता):
पावती नाही. व्हॉट्सॲपवर अंगठा आलाय.