पूर्ण वर्तमानकाळ कागदावर येतो, बोलताना घोटाळा होतो. तक्ता पुन्हा घ्यावा का?

सांगलीचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. सांगलीत संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग घेतो. आताच्या बॅचमध्ये नर्सिंग झालेल्या मुली जास्त, दोन मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, आणि तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार काका. निर्यातीचे मेल दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा कंटाळा आला म्हणून ते येतात. सगळे मधल्या पातळीचे, युरोपीय मोजपट्टीत ज्याला बी-१ म्हणतात तिथले. वाचलेलं कळतं, कामापुरतं बोलतात.

पूर्ण वर्तमानकाळाच्या, म्हणजे प्रेझेंट परफेक्टच्या, रिकाम्या जागा दिल्या की वीसपैकी अठरा. तास संपताना तीच मुलगी येऊन सांगते, "सर, आय हॅव पेड द फी यस्टरडे." दुरुस्त केलं की मान डोलावते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा ठरलेला घोटाळा "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स" हा.

वर्गाचे मालक म्हणतात, बारा काळांचा तक्ता पहिल्यापासून घ्या. भिंतीवर तक्ता दिसला की ॲडमिशन होतात, हेही खरं. पण शाळेपासून पाठ असलेला तक्ता पुन्हा घेऊन काय होणार? तुम्ही काय करता?

निवृत्त_हेडमास्तर:
तक्त्याला नावं ठेवणं ही नवी फॅशन आहे. रोज दहा क्रियापदं, तिन्ही रूपं, मोठ्याने. गो, वेंट, गॉन. रूप पक्कं नसेल तर पुढचं सगळं हवेत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. २००० पासून पहिलीपासून आहे. तरी 'आय हॅव वेंट' ऐकायला लागतंच.

बाकावरची_बाई:
मास्तर, तक्ता पुन्हा घेऊ नका. अठरा गुण मिळवणाऱ्या मुलीला तो येतो.

हेडमास्तरांचं औषध 'आय हॅव वेंट'वर चालेल. तुमच्या मुलीचं दुखणं निराळं आहे. तिच्या वाक्यात हॅव बरोबर, पेडही बरोबर. तिथे यस्टरडे नको होतं. ते येतं कारण ती मनात म्हणत असते, "सर, मी कालच फी भरलीय." आणि मराठीत हे वाक्य शंभर नंबरी आहे! "लाइटबिल परवाच भरलंय", "हा सिनेमा मी गेल्या दिवाळीत पाहिलाय". आपल्याकडे 'आहे' आणि 'काल' एका वाक्यात सुखाने नांदतात. (आपला भूतकाळ तर असा की घरातून न निघालेला माणूसही फोनवर "आलो, आलो" म्हणतो.) इंग्रजीत संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की हॅवला जागा नाही. तक्त्यात हे कुठे दिसणार? तिथे प्रत्येक काळ आपापल्या चौकटीत बसलेला, आणि मुलीला तर दोन चौकटींतून एक निवडायची आहे.

रिकाम्या जागांचंही तसंच. वर मथळा 'प्रेझेंट परफेक्ट', वाक्यात ऑलरेडी, कंसात क्रियापद. निवडायचं काय उरलं? मथळा काढा, दोन्ही काळांची वाक्यं मिसळा, ऑलरेडी आणि यस्टरडे दोन्ही खोडा, आणि मग अठराचे किती होतात बघा.

मी जोड्या लावते. पहिला प्रश्न 'हॅव यू एव्हर'चा: हॅव यू एव्हर फॉलन ऑफ अ बाइक? हॅव यू एव्हर मिस्ड अ ट्रेन? 'येस' आलं की पुढचे सगळे प्रश्न डिडचे. व्हेन डिड इट हॅपन? हू हेल्प्ड यू? (इथे हूच कर्ता आहे म्हणून डिड नाही, कुणी विचारलंच तर सांगायचं, नाही तर पुढे जायचं.) बाइकवरून पडल्याची गोष्ट बहुतेकांकडे असते आणि ती सांगायची हौसही असते. नंतर विचारणाऱ्याने वर्गाला सांगायचं: "शी हॅज फॉलन ऑफ अ बाइक. इट हॅपन्ड इन मिरज." काळ कुठे बदलला, ते त्यांनीच बोट ठेवून दाखवायचं.

दुसरा प्रकार डिक्टोग्लॉस. नाव अवघड, काम सोपं. पाच-सहा वाक्यांचा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचायचा. पहिल्यांदा पेन खाली. दुसऱ्यांदा हाताला लागतील ते शब्द टिपायचे. मग तिघातिघांनी मिळून उतारा पुन्हा लिहायचा आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून बघायचा. उतारा बातमीचा घ्या. इंग्रजी बातमी बरेचदा हॅज-हॅवने सुरू होते आणि तपशील आला की साध्या भूतकाळात जाते: "द रिव्हर हॅज क्रॉस्ड द डेंजर मार्क. द वॉटर स्टार्टेड रायझिंग ऑन मंडे नाइट." सांगलीत कृष्णेचं पाणी कुणाला समजावून सांगायला नको. मग गटात वाद सुरू होतो, "हॅज होतं", "नव्हतं रे, मंडे आहे ना पुढे!" तेव्हा मी गप्प बसते. मास्तर लोकांना ते जड जातं, मला माहीत आहे.

नर्सिंगच्या मुलींना मुलाखतीतली दोन वाक्यं द्या. "आय वर्क्ड इन द आयसीयू फॉर टू इयर्स" आणि "आय हॅव वर्क्ड इन द आयसीयू फॉर टू इयर्स". व्याकरणाने दोन्ही बरोबर. पहिलं ऐकून समोरचा समजतो की हिने ते काम सोडलं, दुसऱ्यावरून बहुधा अजून तिथेच आहे असं धरतो. प्रत्येकीने आपल्याबाबतीत खरं असेल ते बोलायचं.

'सिन्स थ्री इयर्स'चं मूळही घरचंच. "तीन वर्षांपासून काम करतेय" हा आपला वर्तमानकाळ, आणि 'पासून' सोमवारलाही लागतो, तीन वर्षांनाही. इंग्रजीत सुरुवात सांगितली तर सिन्स, लांबी सांगितली तर फॉर, आणि काम अजून चालू असेल तर आधी हॅव हवाच. नोव्हेंबरात विचारलं तर एकच माहिती दोन्हींनी वदवून घ्यायची: सिन्स जून, फॉर फाइव्ह मंथ्स.

भिंतीवर तक्ता राहू दे. मालकांशी त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

एडिसनची_वहिनी:
बाईंनी ऑलरेडी खोडायला सांगितलं, त्याला माझा दुजोरा. इथे न्यू जर्सीत मुलाचे मित्र सर्रास "डिड यू ईट यट?" विचारतात, उत्तर "आय ऑलरेडी एट". ब्रिटिश पुस्तकात तिथे हॅव यू ईटन असतं. त्यामुळे जस्ट, यट, ऑलरेडी दिसलं की हॅव, हा नियम पाठ केलेला माणूस इथे येऊन गोंधळतो. पण "आय हॅव ईटन यस्टरडे" मात्र इथेही कुणी म्हणत नाही.

निवृत्त_हेडमास्तर:
बातमीचा प्रकार पटला. रूपं तरीही पाठ हवीत.

बाकावरची_बाई:
हवीत की! त्यावर माझं भांडणच नाही, हेडमास्तर.

सांगलीचा_मास्तर:
बाई, आभार. उद्या बाइकपासून सुरू करतो. एकच विचारायचं राहिलं. ते गोष्ट सांगत असताना चूक झाली तर तिथेच थांबवू का? नाही थांबवलं तर चूक पक्की होईल अशी धास्ती वाटते.

बाकावरची_बाई:
गोष्ट मध्ये तोडू नका, माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. वहीत टिपून ठेवा. शेवटची दहा मिनिटं फळ्यावर पाच वाक्यं लिहा, नावं न घेता. त्यातली दोन मुद्दाम बरोबर असू द्या, नाही तर मुलं दिसेल त्या वाक्यात चूक काढतात. ज्याचं वाक्य त्याला ओळखू येतंच, तो बहुधा स्वतःच सुधारतो.

बागायतदार काकांचं मात्र वेगळं. "वी हॅव डिस्पॅच्ड द कंटेनर ऑन ट्यूजडे" असा मेल दाखवायला आणला तर तिथल्या तिथे सांगा. ट्यूजडे ठेवायचा असेल तर हॅव काढायचा, हॅव ठेवायचा असेल तर ट्यूजडे पुढच्या वाक्यात न्यायचा. दोन्ही मेल त्यांनाच लिहायला लावा आणि कुठला पाठवायचा तेही त्यांनाच ठरवू द्या.