दहावीला इंग्रजीचा धडा शिकवायचाय, पण निम्म्या वर्गाला वाचताच येत नाही

खडू_आणि_चहा:
नमस्कार मंडळी. मराठी माध्यम, तालुक्याचं गाव, दहावीत 52 पोरं, मी इंग्रजी शिकवते. सध्या कोर्सबुकमधला रस्किन बाँडचा 'द बॉय हू ब्रोक द बँक' चालू आहे. परवा मागच्या बाकावरच्या एकाला उभं केलं, तर हा घडाघडा वाचायला लागला. मी मनातून खूश. जवळ जाऊन बघते तर प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात देवनागरी, 'नथू ग्रम्बल्ड टू हिमसेल्फ', ताईने लिहून दिलंय म्हणे. मी म्हटलं पुस आणि आता वाच, तर 'नथू'च्या पुढे गाडी हलेना. सगळा वर्ग हसला आणि तो खाली बघत बसला, चूक माझीच.
शेवटी होतं काय, मी ओळ वाचते, मराठीत अर्थ सांगते, पोरं गाईडमधून उत्तरं उतरवतात. गोष्ट कुणी वाचतच नाही. मार्चमध्ये बोर्ड आहे, 80 मार्कांची कृतिपत्रिका. काय करू?

जुना_मास्तर:
ताई, आधी प्रत्येकाला पाच मिनिटं बाजूला घ्या, वर्गासमोर नको. मुलांच्या वाचनाची पाहणी करणारे 'असर'वाले खेडोपाडी करतात तसं, कॅपिटल अक्षरं, स्मॉल अक्षरं, साधे शब्द, सोपी वाक्यं, बघा कोण कुठे अडतंय. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझीच झोप उडाली होती, काहींचा बी-डी चा गोंधळ नववीपर्यंत तसाच होता आणि काही फटाफट वाचत होते पण वाचलं काय ते विचारलं की शून्य. या दोघांना एकच औषध कसं चालेल? आणि हो, त्याच वेळी मराठी पेपरची एक बातमीही वाचायला द्या. तिथेही अडखळला तर भांडण इंग्रजीचं नाहीच.

नदीकाठची_बाई:
हाच धडा मी गेल्या वर्षी उलटा शिकवला. पुस्तक बंद, आधी गोष्ट मराठीत. बँकेत सफाई करणारा नथू पगार रखडला म्हणून कुरकुरतो, ते सीतारामकडून श्रीवास्तव बाईंकडे, तिथून भूषण बाईंकडे, आणि बघता बघता गावभर बँक बुडाली. बँकेचा मालक सेठ बिचारा काश्मीरला फिरायला गेलाय तर लोक म्हणतात पळाला. आमच्याकडे पतसंस्थेच्या दारात रांग लावलेली माणसं घरोघरी आहेत, पोरांना वेगळं समजवावं लागलं नाही. मग सहा जणांना एकेक इंग्रजी वाक्य दिलं, कानात सांगायचं, शेवटच्याने फळ्यावर लिहायचं. जे उमटलं त्यावर वर्ग लोळला. शेवटी विचारलं, गोष्ट संपताना नथू काय करतोय? एक पोरगा, जो कधी तोंड उघडत नाही, म्हणतो 'मॅडम, बँक बुडाली तरी झाडू त्यालाच मारायचाय.' यापेक्षा चांगलं रसग्रहण माझ्या बी.ए.च्या पेपरातही नव्हतं 😄
त्यानंतर इंग्रजी, पण अख्खा धडा नाही, आठच ओळी. मी वाचते, मग सगळे मिळून, मग जोडीजोडीने. रोज त्याच आठ ओळी, तीन दिवस.

स्पष्ट_बोलतो:
मॅडम राग मानू नका, पण गोष्ट आधीच मराठीत सांगून टाकली तर पोरं इंग्रजी वाचतील कशाला? शिवाय पेपरात न पाहिलेला उताराही येतो, तो कोण सांगणार मराठीत?

नदीकाठची_बाई:
खरंय, म्हणूनच आठ ओळी सोडत नाही मी. पण ज्याला 'ग्रम्बल्ड' फोडता येत नाही त्याला शेवटपर्यंत काय घडलं हेच कळू द्यायचं नाही, ही कुठली शिक्षा? वाचायला शिकवणं वेगळं आणि गोष्टीवर बोलणं वेगळं. दोन्ही एका तासात बसतात, पण एकाच दमात नाही.

पेन्सिलवाला:
मी शिक्षक नाही, पण तो देवनागरीवाला पोरगा म्हणजे मीच, वीस वर्षांपूर्वीचा. आमच्या पुस्तकात 'वॉक' आणि 'वर्क' दोन्हीवर 'वर्क' लिहिलेलं, कॉलेजात जाऊन कळलं. तरी सांगतो, ती पेन्सिल नसती तर मी शाळाच सोडली असती. आमच्या सरांनी सगळं पुसायला नाही लावलं, म्हणाले रोज एका ओळीवरचं तू स्वतः पूस, कुठली ते तूच ठरव. दिवाळीपर्यंत फक्त अवघड शब्दांवर उरलं होतं.

जुना_मास्तर:
हे झकास. अजून एक, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर पातळीनुसार गोष्टी फुकट मिळतात, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. फक्त मिसरूड फुटलेल्या पोराला हत्तीच्या पिल्लाचं पुस्तक दिलं तर तो ते बाकाखाली ढकलतो, अपमान वाटतो त्याला. मी सांगायचो, शनिवारी शेजारच्या प्राथमिक शाळेत तिसरीला वाचून दाखवायचंय, तयारी करा. मग तेच पुस्तक घरी नेऊन चार-चार वेळा वाचायचे, लहान्यांसमोर अडखळायचं नव्हतं ना.

खडू_आणि_चहा:
सगळ्यांना धन्यवाद. आज त्याला मधल्या सुट्टीत गाठलं, आधी सॉरी म्हटलं, मग पेन्सिल परत दिली आणि विचारलं कुठली ओळ पुसायची. त्याने बराच वेळ पुस्तक चाळलं आणि सगळ्यात छोटी निवडली. तीन शब्दांची 🙂 शनिवारचं प्राथमिकच्या बाईंशी बोलते.