विषय: जुलैच्या सुट्टीत फ्रांस्वा पेरॉन, वाळूत ट्रेलर न्यावा का?

अनघा, पर्थ

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये आम्ही एक जुना ऑफ-रोड कॅम्पर ट्रेलर घेतला. गाडी टोयोटाची फोर-व्हील ड्राइव्ह प्रादो आहे. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत पर्थच्या उत्तरेला डेनहॅमला जाऊन तिथून फ्रांस्वा पेरॉन नॅशनल पार्कात, अगदी टोकाजवळ बॉटल बेला चार रात्री राहायचा बेत आहे. लॅन्सलिनच्या वाळूत गाडी बऱ्याचदा चालवली आहे, पण ट्रेलर जोडून आजवर फक्त डांबरी रस्ताच पाहिलाय. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणाले, "हा कुठेही जातो." त्यावर विसंबायचं मन होत नाही. बरोबर दोन मुलं आहेत, अकरा आणि सात वर्षांची.

तीन प्रश्न आहेत. ट्रेलर टोकापर्यंत न्यावा का? चाकांत हवा किती ठेवावी? आणि रुतलोच तर काय करायचं? ज्यांनी स्वतः नेला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

अनघा

---

प्रकाश, जूनडालप

अनघा,

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते जिवाशी निगडित आहे.

रुतलेली गाडी ओढायची वेळ आली तर पट्टा टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, अडकवायचा नाही. तुझ्या गाडीच्याही नाही आणि मदतीला आलेल्या गाडीच्याही नाही. टो बॉल ट्रेलरचं वजन संथपणे ओढण्यासाठी केलेला असतो. स्नॅच स्ट्रॅप, म्हणजे रुतलेली गाडी ओढायचा लवचिक पट्टा, रबरासारखा ताणतो, आणि त्या झटक्याने बॉलची मान तुटली तर तो लोखंडी गोळा सरळ काच फोडून आत येतो. ऑस्ट्रेलियात माणसं अशी गेली आहेत. टो बारमधून बॉलचा दांडा काढून त्याच चौकोनी भोकात बसणारा रेटेड (किती भार पेलतो ते ठरवून दिलेला) रिकव्हरी हिच, म्हणजे पट्टा अडकवायचा जोड, घे, आणि त्यावर ४.७५ टन असा ठसा असलेलं शॅकल (पट्टा जोडायची लोखंडी कडी). पुढच्या बाजूला चॅसिसला बोल्टने पक्के केलेले रेटेड पॉइंट बसवून घे. गाडी वाहून नेताना आवळण्यासाठी कारखान्यातून आलेल्या कड्यांवर भरवसा ठेवू नकोस. ओढताना पट्ट्यावर जाड चादर किंवा डँपर टाकायचा आणि मुलांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी दूर, बाजूला उभं करायचं.

आता हवा. हे मी माझ्या चुकीतून शिकलो, म्हणून जरा लांबण लावतो.

आम्ही ट्रेलर घेऊन पहिल्यांदा पेरॉनला गेलो तेव्हा पार्कच्या जुन्या होमस्टेडपाशी (शेतावरच्या घरापाशी), जिथे टायरची हवा कमी करायची आणि परत भरायची सोय आहे, तिथे मी गाडीच्या चारही चाकांची हवा २० पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) आणली. ट्रेलरची दोन चाकं तशीच ३८ वर ठेवली. मला वाटलं, ती कुठे जोर लावतात, नुसती मागून तर येतात. तीन-चार किलोमीटर छान गेलो. मग एक वळण आलं, त्यापुढे भुसभुशीत चढ. इंजिनाचा आवाज चढत गेला, वेग उतरत गेला, आणि मागून कुणी धरून ठेवल्यासारखे आम्ही थांबलो. उतरून बघतो तर गाडीची चाकं चार बोटंही रुतली नव्हती. मागे ट्रेलरची चाकं मात्र तुंब्यापर्यंत आत, ॲक्सल वाळूवर टेकलेला, आणि त्याच्यापुढे गुडघाभर लाल वाळूचा ढीग. मी सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. ओल्या रानात नांगर खोल गेला की बैल कसे जागच्या जागी खिळतात ते मी लहानपणी पाहिलंय. इथे मी स्वतःच गाडीमागे नांगर जोडला होता.

टायरला हात लावला तर दगडासारखा कडक. ट्रेलरच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. प्रत्येकाला दोन-अडीच मिनिटं लागली, आणि टायर खाली पसरत गेलेला डोळ्यांनी दिसला. रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. मग फावड्याने ॲक्सलखालची आणि चाकांपुढची वाळू काढली आणि रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या) ट्रेलरच्या चाकांपुढे घातले. पहिल्याच प्रयत्नात वर आलो. तोवर एक भला माणूस मागून येऊन थांबला होता. "बॉलला पट्टा लावतो, एका हिसक्यात काढतो," असं त्याने मनापासून सुचवलं होतं. त्याचे आभार मानून मी नको म्हटलं.

तेव्हा सहाही चाकांत सारखी हवा ठेव. मी २० ने सुरुवात करतो. गाडी कण्हू लागली तर १८, अगदी अडलंच तर १६. त्याखाली वळणावर टायर रिममधून निसटायची भीती असते. इतक्या कमी हवेवर ताशी ४० च्या वर जाऊ नकोस आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नकोस. बाहेर आल्यावर होमस्टेडपाशी परत भरून घे, डांबरावर कमी हवेने टायर तापून फाटतो.

चाकोरी सोडू नकोस. आपल्या भाषेत चाकोरी सोडण्याचं कौतुक असतं, वाळूत मात्र चाकोरीतली वाळू आधीच दबलेली असते. तुझ्या ट्रेलरच्या दोन चाकांमधलं अंतर गाडीइतकंच आहे का, टेप लावून बघ. कमी असेल तर गाडी चाकोरीत आणि ट्रेलरची चाकं चाकोरीच्या काठाला घासत जातात, प्रत्येक चढ दुप्पट जड होतो.

थांबायचं तर उताराकडे तोंड करून, ब्रेक न दाबता, पाय काढून आपोआप थांबू दे. ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकचा जोर कंट्रोलरवरून अगदी कमी कर. लो रेंज (कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर), स्टॅबिलिटी कंट्रोल बंद, एका लयीत गाडी. चाक जागेवर फिरलं की त्या क्षणी पाय काढायचा, नाहीतर आपणच आपला खड्डा खणतो.

आणि बिरिदा. रस्त्यालगत सपाट, करड्या, टणक दिसणाऱ्या जागा लागतील, जणू क्रिकेटचं मैदान. वळायला किती सोयीची जागा, असं वाटेल. ती जिप्समची कोरडी तळी आहेत. वरचा पापुद्रा सुका आणि खाली चिकट चिखल. तिथे चाक गेलं तर दिवस गेला. बिग लगून, पार्कातली खाऱ्या पाण्याची खाडी, अशाच बिरिदांमध्ये समुद्र शिरून झालेली आहे, वरून बघशील तेव्हा निळ्या पाण्याच्या गोलाकार कडा लक्षात येतील.

माझं मत विचारशील तर ट्रेलर बिग लगूनपर्यंतच ने. होमस्टेडपासून तो पल्ला थोडा आहे. तळ तिथे टाक आणि टोकाला रिकाम्या गाडीने दिवसभराची फेरी कर. होमस्टेडपासून टोक चाळीसेक किलोमीटर आहे, आणि ट्रेलर मागे असताना मधे कुठे बिनसलं तर मुलांसह दिवस तिथेच जाईल. माझे बोर्ड आणि फावडं घेऊन जा.

प्रकाश

---

सुजाता, जेराल्डटन

अनघा, प्रकाशदादा,

दादांच्या हवेबद्दलच्या आणि टो बॉलबद्दलच्या शब्दन् शब्दाशी सहमत. शेवटच्या सल्ल्याशी मात्र नाही. मी तीनदा ट्रेलर बॉटल बेपर्यंत नेला आहे, तिन्ही वेळा गाडी मीच चालवत होते. संध्याकाळी लाल कडा, त्याखाली पांढरी पुळण आणि पुढे समुद्र, हे दारात बसून बघायला मिळतं. दिवसभराच्या फेरीत त्या वेळेला आपण परतीच्या वाटेवर असतो. त्या एका तासासाठी एवढं करावं असं मला वाटतं.

पण दोन अटींवर. पहिली, सकाळी आठच्या आत निघायचं. रात्रीच्या थंडीने आणि दवाने वाळू घट्ट झालेली असते, दुपारी तीच वाळू पिठासारखी होते. दुसरी, वजन. गाडीच्या माहितीपत्रकात तीन टन ओढते असं लिहिलेलं असेल, तो आकडा वाळूसाठी धरू नकोस. ट्रेलर घरून भरलेला असतानाच काट्यावर नेऊन वजन कर आणि प्लेटवरच्या एटीएमशी (भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनाशी) ताडून बघ. बॉलवरचा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. फार कमी असेल तर नॉर्थवेस्ट कोस्टल हायवेवर रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) शेजारून गेली की ट्रेलर मागे डोलायला लागतो.

रुतलात आणि ट्रेलर जोडलेला असेल तर दोन्ही एकदम ओढायला कुणालाही देऊ नकोस. ट्रेलर सोडवायचा, गाडी आधी बाहेर काढायची, मग घट्ट जागेवरून लांब पट्ट्याने ट्रेलर हळूहळू ओढायचा. यात पुढचं छोटं जॉकी व्हील वाळूत नाहीसं होतं, त्याखाली आधीच फळी किंवा बोर्ड घाल. सोडवण्याआधी चाकांना दोन्हीकडून अडण लाव, वाळूतही ट्रेलर घसरतो.

वाट एकेरी आहे. ज्याच्यामागे ट्रेलर नाही त्याने मागे सरकावं ही तिथली रीत आहे, पण समोरच्याला तू येतेयस हे आधी कळायला हवं. उंच झेंडा लाव आणि यूएचएफ रेडिओ चालू ठेव. फोनला रेंज भरवशाची नाही, पीएलबी (संकटात उपग्रहामार्फत मदत मागणारं छोटं यंत्र) जवळ असू दे. त्याची नोंदणी फुकट होते.

आत प्यायचं पाणी नाही. माणशी रोज पाच लिटर धर. शेकोटी चालत नाही, सगळा स्वयंपाक गॅसवर. आणि कुत्रा असेल तर तो पर्थलाच कुणाकडे तरी ठेव, परवानगी नाहीच, शिवाय कोल्ह्या-मांजरांसाठी विषारी आमिषं टाकलेली असतात. बिल्बी आणि मालीफाउलसारखे प्राणी-पक्षी तिथे पुन्हा आणून सोडलेत, त्यांच्यासाठी हे चाललंय.

सुजाता

---

अनघा, पर्थ

प्रकाशकाका, सुजाताताई, मनापासून आभार.

शनिवारी ट्रेलर काट्यावर नेला. प्लेटवर एटीएम १,८०० किलो, आणि आमचा भरून, पाण्यासकट, १,७९० निघाला. कागदावर बसतो, पण काठावर. घरी येऊन सगळं अंगणात काढलं. लोखंडी चूल, सरपणाची दोन पोती, जनरेटर, दुसरा तंबू, डब्यांच्या दोन पेट्या. शेकोटीच चालत नाही तर चूल आणि सरपण कशाला नेत होतो कोण जाणे. पाण्याची टाकीही डेनहॅमला भरायचं ठरवलं. आता १,६०० च्या आत आहे. भाजणी आणि मेतकूट ठेवलंय.

टेपही लावला. ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा दोन्ही बाजूंनी चार-चार सेंटिमीटर आत आहेत. म्हणजे काका म्हणतात तो घासण्याचा त्रास थोडा होणार.

आम्ही असं ठरवलंय. पहिल्या दोन रात्री बिग लगून. मधल्या दिवशी ट्रेलर न जोडता टोकापर्यंत जाऊन वाट बघून यायची. ती झेपेल असं वाटलं तरच तिसऱ्या दिवशी पहाटे ट्रेलर बॉटल बेला. नाहीतर चारही रात्री लगूनवर. काका, बोर्ड घ्यायला गुरुवारी संध्याकाळी येते.

अनघा

---

प्रकाश, जूनडालप

ये. कॉम्प्रेसरही घेऊन जा, तुझा छोटा आहे. गाडी चालू ठेवूनच लाव, बॅटरी उतरते. हवा मोजायचं यंत्र सावलीत, चाकं थंड असताना वाच. दिवसभर चालून तापलेलं टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतं.

आणि अनघा, वाट बघायला जाशील तेव्हा उतरून पायी चाल. जिथे तुझी टाच घोट्यापर्यंत जाते तिथे ट्रेलर काय करील ते तुला कळेल.

प्रकाश

---

अनघा, डेनहॅम

काका, ताई,

काल रात्री बाहेर आलो. सगळे सुखरूप.

टोकाला रिकाम्या गाडीने गेलो. स्किपजॅक पॉइंटच्या लाकडी फळ्यांवरून खाली एक डुगाँग (समुद्री गाय) दिसला, आणि एक मोठा रे (पाकट मासा), पंख हलवत संथ जाणारा. धाकटी तासभर तिथून हलायला तयार नव्हती. परतताना बॉटल बेच्या फाट्यापासून काकांच्या सांगण्याप्रमाणे दोन ठिकाणी पायी चालले. दुसऱ्या ठिकाणी टाच घोट्याच्या वर गेली. दुपारचे दोन वाजले होते, सकाळी ती वाळू वेगळी असेल हे मला माहीत होतं, तरी मी ट्रेलर लगूनवरच ठेवला. ताई, तुमचा तो एक तास पुढच्या वर्षी. आम्ही तो लगूनच्या काठावर घालवला, तिथेही पाणी गुलाबी होतं.

रुतलो मात्र, आणि तेही तळावरच. निघायच्या सकाळी ट्रेलर वळवताना उजवं चाक कडेच्या मऊ वाळूत गेलं. ट्रेलर सोडवला, जॉकी व्हीलखाली बोर्ड घातला, गाडी पुढे काढली, मुलांनी स्वयंपाकातल्या पराती घेऊन वाळू उपसली. पाऊण तास लागला. एका शेजाऱ्याने पट्टा आणला, तो आमच्या रिकव्हरी हिचला लावला. बॉल आधीच काढून मागच्या पेटीत ठेवला होता.

काका, एक सांगायचं राहिलं. पहिल्या प्रयत्नात यांनी गाडीचं चाक बोर्डवर क्षणभर जास्त फिरवलं, आणि एका बोर्डाचे चार-पाच दात वितळून सपाट झाले. बोर्ड धुऊन वाळवले आहेत. रविवारी परत आणून देते, आणि त्या एकाच्या जागी नवा.

अनघा