सात महिन्यांच्या बाळाचं एक वृषण उतरलेलं नाही : थांबायचं की ऑपरेशन?

स्नेहल_रामबाग
नमस्कार. बाळ ७ महिन्यांचं, पूर्ण दिवसांचं, वजन ८ किलो. डावी बाजू व्यवस्थित, उजवीकडची अंडकोषाची पिशवी सपाट. टीका (लस) लावायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी जांघेत गोटी (म्हणजे वृषण) हाताला लागते असं सांगितलं आणि बालशल्यचिकित्सकांना दाखवायला सांगितलं. सासूबाईंचं म्हणणं, पाच वर्षांपर्यंत आपोआप उतरतं. इतक्या लहान जिवाला भूल द्यायची का? आधी सोनोग्राफी करून घ्यावी का? इंदूरातल्या जाणकारांनी सांगावं.

बालशल्य_वॉर्ड
ताई, थांबू नका. वृषणं गर्भात मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जांघेच्या वाटेने पिशवीत येतात. पूर्ण दिवसांच्या १०० मुलग्यांत साधारण ३ जणांचं एखादं वर राहतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं, तेव्हा त्यातली बरीच उतरतात. ६ महिन्यांनंतर मात्र उतरणं विरळा. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मूळ तारखेपासून धरायचं.)

सासूबाईंनी ऐकलं ते त्या काळी बरोबरच होतं, पूर्वी पाच-सहा वर्षांपर्यंत थांबतच असत. नंतर कळलं की पिशवीत पोटापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान असतं आणि पुढे शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशींची घडण पहिल्या वर्षातच होते. उष्णतेत राहिलं तर त्या पेशी कमी होत जातात. म्हणून आता ६ ते १८ महिन्यांत ऑपरेशन करतात, शक्यतो वर्षाच्या आत.

सोनोग्राफीवर पैसे घालवू नका. गोटी हाताला लागत असेल तर ती नवीन काही सांगत नाही, आणि लागत नसेल तर 'दिसली नाही' या रिपोर्टवरून ती नाहीच असं म्हणता येत नाही. अनुभवी हाताची तपासणीच खरी : खोली उबदार, बोटांना थोडं तेल, कमरेच्या हाडापासून खाली जांघेकडे हलकेच सरकवत यायचं. पिशवीत आणल्यावर गोटी तिथे टिकली तर ती फक्त वर ओढली जाणारी असते. पौष-माघाच्या गारठ्यात बरीच मुलं अशी दिसतात. त्यांना ऑपरेशन नको, पण वयात येईपर्यंत वर्षातून एकदा दाखवायचं, कारण काहींची पुढे कायमची वर जाते. सोडताच परत वर पळाली, तर ऑपरेशन.

ऑपरेशन असं : जांघेत २-३ सेंटिमीटरची चीर. सोबत बहुधा हर्नियाची पिशवी असते, ती वेगळी करून बांधतात. रक्तवाहिन्या आणि शुक्रवाहिनी मोकळी करून लांबी मिळवतात आणि अंडकोषाच्या कातडीखाली कप्पा करून वृषण तिथे बसवतात. साधारण तासाभराचं काम, बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी. लांबी कमी पडली आणि ताण देऊन खाली ओढलं तर ते पुन्हा वर सरकतं किंवा रक्तपुरवठा तुटून सुकतं. जांघेतल्या गोटीत हे क्वचित होतं, पोटातल्या गोटीत जास्त.

उतरवण्यासाठी हार्मोनची इंजेक्शनं कुणी सुचवली तर घेऊ नका, फायदा फार कमी. आणि ज्यांच्या बाळाच्या दोन्ही गोट्या लागत नाहीत, किंवा एक नाही आणि लघवीचं छिद्रही टोकाऐवजी खालच्या बाजूला आहे, त्यांनी जन्मल्याबरोबर हार्मोन आणि गुणसूत्रांची तपासणी करून घ्या, सहा महिने वाट पाहू नका.

भूल_पलासिया
भुलीबद्दल. या वयात पूर्ण भूल देऊन माकडहाडाच्या जागी एक इंजेक्शन देतात, त्यामुळे जागं झाल्यावर काही तास दुखत नाही. उपास असा : वरचं दूध किंवा भरवणं ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. गडबड इथेच होते. कुणीतरी 'रडतोय बिचारा' म्हणून घुटी चाटवतं आणि ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. ताप किंवा छातीत कफ असेल तर लपवू नका.

घरी पॅरासिटामॉल एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, दर ६ तासांनी. तुमच्या ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम. बाटली बघूनच माप घ्या : १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर १.२ मिली, ५ मिलीत १२० चं सिरप असेल तर ५ मिली. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं की चौपट डोस जातो.

दोन आठवडे बाळाला पाय फाकवून कडेवर घ्यायचं नाही, वॉकर नाही, घोडा-घोडा नाही. आडवं धरून किंवा खांद्याशी घ्या. जखम लाल होऊन वाहू लागली किंवा ताप आला तर लगेच दाखवा. ऑपरेशनच्या आधीसुद्धा, जांघेत कडक फुगवटा, सोबत उलट्या आणि न थांबणारं रडणं असेल तर रात्रीच दवाखाना गाठा : हर्निया अडकलेला किंवा वृषणाला पीळ पडलेला असू शकतो.

आयुष्मान कार्ड असेल तर भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडे मंजुरीचं बघा.

वहिनी_४५२
इथेच विचारते. दिराचं वय २७, लग्न ठरतंय. एका बाजूचं लहानपणापासून वर आहे, लाजेने दाखवलं नाही. मूल होईल ना?

मूत्ररोग_ओपीडी
वहिनी, दुसरं वृषण नीट असेल तर मूल होण्याची शक्यता जवळपास इतरांइतकीच. दोन्ही बाजू वर राहिलेल्यांत ती बरीच घटते. दिरांना आधी वीर्यतपासणी करू द्या : २ ते ७ दिवसांचा संयम, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत, आणि खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा.

पण जास्त महत्त्वाचं दुसरं. वर राहिलेल्या वृषणात पुढे गाठ होण्याचा धोका वाढतो. स्वीडनच्या २००७ च्या मोठ्या अभ्यासात वयाच्या तेराव्या वर्षाआधी ऑपरेशन झालेल्यांत तो इतर पुरुषांच्या सुमारे दुप्पट, नंतर झालेल्यांत पाचपट निघाला. मुळात हा कर्करोग विरळ, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही चालणार नाही. या वयात ते खाली आणावं की काढून टाकावं, हे तपासून ठरवतात. दुसरं चांगलं असेल तर बहुधा काढतात. पुरुषी हार्मोन एका वृषणातून पुरतं.

आणि स्नेहलताईंनीही हे लक्षात ठेवावं, वेळेवर ऑपरेशन झालं तरी धोका शून्य होत नाही. मुलगा वयात आला की महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, अंगठा आणि दोन बोटांत गोटी फिरवून बघायला शिकवा. मागची मऊ दोरीसारखी गाठोळी नैसर्गिक असते. गोटीवरच वाटाण्याएवढी कडक, न दुखणारी गाठ लागली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी. तिथे सोनोग्राफी हवीच.

स्नेहल_रामबाग
सगळ्यांचे आभार. सोमवारी ओपीडीत जातोय. तिथे काय विचारू?

बालशल्य_वॉर्ड
गोटी नेमकी कुठे लागली, डावीच्या तुलनेत आकार केवढा, हर्निया आहे का आणि ऑपरेशनची तारीख कधीची. ऑपरेशननंतर ६ ते १२ महिन्यांनी जागा आणि आकार पुन्हा तपासायचा असतो, ती तारीख फाइलवर आत्ताच लिहून घ्या.