टँकरवरील पंपाचा प्रवाह मंदावला

प्रश्न (डिचोली): आमच्या १०,००० लिटरच्या पाण्याच्या टँकरवर पीटीओवर (इंजिनाची शक्ती पंपाला देणाऱ्या जोडणीवर) चालणारा सेंट्रिफ्यूगल पंप आहे. विहिरीवरून टँकर भरण्यास पूर्वी २५ मिनिटे लागत असत, आता ४५ लागतात. इंजिनाचे आरपीएम तेच आहेत आणि गाळणी मी स्वच्छ केली आहे. इंपेलर (पंपातले पाणी फेकणारे फिरते चाक) झिजला असेल का?

उत्तर (फोंडा): पंप खोलण्याची घाई करू नये. सक्शनच्या (पाणी ओढण्याच्या) बाजूला व्हॅक्यूम गेज, म्हणजे निर्वात मोजणारे मापक, लावून पाहावा. निर्वात नेहमीपेक्षा जास्त दिसल्यास फूट व्हॉल्व्हमध्ये (नळीच्या पाण्यातल्या टोकाच्या एकेरी झडपेत) किंवा नळीत अडथळा असतो, आणि कमी दिसल्यास कुठून तरी हवा शिरत असते किंवा पंपच झिजलेला असतो. जुन्या सक्शन नळीचे आतले रबरी अस्तर सुटून ओढीबरोबर मिटते, मात्र बाहेरून नळी अगदी धडधाकट दिसते; या शोधात मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत.

उत्तर (काणकोण): विहिरीची पातळी किती खाली गेली, हेही मोजावे. हवेचा दाब पाणी फार तर १०.३ मीटर चढवू शकतो. प्रत्यक्षात ६-७ मीटरांपुढे प्रवाह झपाट्याने घटतो आणि पंपात खडे फिरत असल्यासारखा आवाज येतो.

प्रश्नकर्ता: गेजवर निर्वात कमीच दिसला. सक्शन कपलिंगच्या जोडावर बाहेरून ग्रीस फासताच प्रवाह सुधारला, म्हणजे हवा तिथूनच शिरत होती. नवा वॉशर बसवल्यावर आता २७ मिनिटे लागतात. उरलेली दोन मिनिटे बहुधा खाली गेलेल्या पाण्याची असावीत.