विमान थांबले म्हणजे इंजिन थांबले, असे नव्हे

धागाकर्ता

अमेरिकेत अलाबामातील मॉन्टगोमेरी विमानतळावर 31 डिसेंबर 2022 रोजी एम्ब्रेअर 175 जातीचे एक विमान येऊन उभे राहिले. त्याचे एपीयू, म्हणजे शेपटीतले वीज पुरवणारे छोटे यंत्र, नादुरुस्त असल्यामुळे जमिनीवरची वीज जोडेपर्यंत इंजिन चालू ठेवावे लागणार होते. कॅप्टनने पार्किंग ब्रेक लावला, वीज जोडण्याचा हाताने इशारा केला आणि उजवे इंजिन बंद केले. इतक्यात सामानाचे दार उघडल्याचा संदेश कॉकपिटमध्ये आला, तेव्हा इंजिन अजून चालू असल्याचे सांगण्यासाठी सहवैमानिकाने खिडकी उघडली. त्यानंतर काही क्षणांतच डाव्या इंजिनाने एका कर्मचारी महिलेला आत ओढून घेतले.

एवढी महत्त्वाची गोष्ट खिडकीतून सांगावी लागते, हेच मला भयंकर वाटते. विमान लागताच एकाने कॉकपिटशी बोलायचा हेडसेट जोडावा आणि ‘दोन्ही इंजिने बंद’ हे शब्द कानावर पडेपर्यंत बाकीच्यांनी जागचे हलू नये, अशी सक्ती हवी.

प्रतिसाद : रॅम्पवरचा एक जण

मी आपल्याशी सहमत नाही. त्या चमूला विमान येण्यापूर्वी दोनदा बजावले होते, म्हणजे शब्द पोहोचलेच होते. रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर, शेजारच्या विमानाचे एपीयू घोंगावत असते, आमच्या कानांवर आवाज अडवणारे मफ असतात आणि आपले इंजिन कोणते, शेजाऱ्याचे कोणते, हे आवाजावरून कळत नाही. आम्ही आपसांत मराठी बोलतो, सुपरवायझरशी हिंदी आणि कॉकपिटशी तुटक इंग्रजी. अशा ठिकाणी बोलणे वाढवले की चुकाही वाढतील. इंजिन चालू असल्याचे सांगणारा विमानावरचा लाल दिवा, म्हणजे बीकन, चालू आहे तोवर पुढे पाऊल टाकायचे नाही, या नियमाला भाषा लागत नाही. पुशबॅकमध्ये, म्हणजे निघताना विमान मागे ढकलतात तेव्हा, हेडसेटची पद्धत आधीपासून आहे, तरीही डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत आपला एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेलाच.

धागाकर्ता

मुंबईचा दाखला मी मान्य करतो, कारण माणूस बाजूला झाल्याची खात्री होण्याआधी विमान हलू शकते, हेच त्यातून दिसते. बीकनचा नियम मात्र नेमका मॉन्टगोमेरीसारख्या दिवशी पाळता येत नाही. वीज जोडल्याशिवाय इंजिन बंद होणार नाही, इंजिन बंद झाल्याशिवाय बीकन विझणार नाही, आणि वीज जोडायला तर कोणीतरी जवळ गेलेच पाहिजे. तो एक जण बीकन चालू असताना पुढे गेलेला पाहून इतरांना वाट मोकळी झाल्यासारखे वाटले, तर दोष कोणाचा? मार्शलर, म्हणजे हातवाऱ्यांनी विमान जागेवर आणणारा, उघडा पंजा मिटून मूठ करतो ती ब्रेकसाठी, त्या मुठीत इंजिनाबद्दल काहीच सांगितलेले नसते.

प्रतिसाद : रॅम्पवरचा एक जण

हा मुद्दा मला नाकारता येत नाही. अशा दिवशी वीज जोडणाऱ्याच्या कानावर हेडसेट असावा, एवढे मी मान्य करतो. पण हेडसेटवरचे शब्द त्या एकालाच ऐकू येतात, मागे सामान उतरवायचा सरकता पट्टा घेऊन उभ्या असलेल्या चौघांना नाही, आणि पुढच्या उड्डाणाची घाई त्या चौघांनाच असते. त्यांना विमानाभोवतीच्या लाल रेषेबाहेर रोखून धरणारा एक माणूस नेमावा, त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. आमच्याकडे माणसे कमी पडली की सर्वांत आधी हाच माणूस सामान उतरवायला पाठवला जातो.