मदत हवी आहे: कार्डिफची मॅच आणि घरी एकटा राहणारा शेरू

कार्डिफला वेल्स-स्कॉटलंड मॅचची दोन तिकिटं मिळालीत, मी आणि नवरा दोघंही जाणार, पण प्रश्न आमच्या कुत्र्याचा, शेरूचा आहे. बॉर्डर कॉली, वय झालंय, फटाके किंवा गर्दीचा आवाज झाला की सोफ्यामागे जाऊन थरथरत बसतो, त्यामुळे त्याला सोबत कार्डिफला नेणं नकोच आणि स्टेडियममध्ये असिस्टन्स डॉग (अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेले) सोडून कुत्र्यांना घेतही नाहीत.

आम्ही स्वान्सीला राहतो. रेडिओ लावून, कॉन्गमध्ये (खाऊ भरायचं पोकळ रबरी खेळणं) पीनट बटर (झायलिटॉल, म्हणजे कुत्र्यांना विषारी असलेला गोडवा, नसलेलं) गोठवून देऊन बघितलं, चारेक तास नीट राहतो, पुढे दार ओरबाडतो. केनेल (कुत्र्यांना ठेवायची जागा) नको, तिथे जेवतच नाही. शेजारच्या काकू दुपारी फिरवून आणतील पण संध्याकाळी त्यांना जमणार नाही.

गाडी नेणार नाही, ट्रेननेच जायचंय. मॅचनंतर कार्डिफ सेंट्रल स्टेशनबाहेर रांगा लावतात हे माहितीये. शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबायचंच आहे, मधेच उठून येणं जिवावर येईल. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, शिट्टी वाजल्यापासून स्वान्सीच्या ट्रेनमध्ये बसेपर्यंत साधारण किती वेळ धरायचा?